व्हिडिओ फेक की खरा, यावर भांडायच्या आधी

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात बिबट्या शिरला होता ते इकडच्या सगळ्यांना आठवत असणार. आधी जाधवनगरात एका कामगारावर झडप घातली, मग गोल्फ कोर्सच्या झाडीत दिसायला लागला, आसपासच्या शाळा बंद, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू कॅम्पमधून हत्ती मागवले. तेव्हा कुणाच्या गल्लीतल्या सीसीटीव्हीत काही हललेलं दिसलं तर प्रश्न एवढाच असायचा की हा बिबट्याच आहे की मोठं कुत्रं. आज तसाच बिबट्या आला तर पहिला मेसेज येईल "हे एआय आहे, फॉरवर्ड करू नका", दुसरा येईल "एआय कसलं रे, माझ्या मेव्हण्याच्या घरासमोरचं हाय की ते", आणि मग रात्री बारापर्यंत ग्रुपवर तेच. दोघांनाही आपलं म्हणणं सिद्ध करता येत नाही कारण दोघंही त्या आठ-दहा सेकंदांच्या क्लिपकडेच टक लावून बसलेले असतात. मला इथं सांगायचंय ते हे, की बहुतेक वेळा उत्तर त्या क्लिपमध्ये सापडतच नाही, क्लिप कुठून आली ते शोधत मागं जावं लागतं. आणि "फेक आहे" म्हणणं हाही एक दावाच आहे, तो करणाऱ्यानंही काहीतरी दाखवायला पाहिजे.

आधी एक गोष्ट नीट बघू. फेक म्हणजे नेमकं काय? ग्रुपवर दोन माणसं भांडत असतात तेव्हा अनेकदा दोघं वेगवेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात. एकाला म्हणायचं असतं की हा अख्खा व्हिडिओ कॉम्प्युटरनं तयार केलाय, कॅमेरा कुठं नव्हताच. दुसऱ्याला म्हणायचं असतं की व्हिडिओ खरा पण चेहरा किंवा आवाज बदललाय. तिसरा म्हणतो कापून जोडलंय, वेग कमी केलाय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राजकीय नेत्या नॅन्सी पेलोसी यांचा एक व्हिडिओ मूळ वेगाच्या साधारण ७५ टक्क्यांवर आणून फिरवला, त्या दारू प्यायल्यासारख्या बोलताहेत असं वाटायला लागलं, त्यात एआयचा काही संबंधच नव्हता. आणि चौथा प्रकार म्हणजे व्हिडिओला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही पण खाली लिहिलेलं खोटं, पूर कुठला तरी पाच वर्षांपूर्वीचा आणि वर "आत्ता, निपाणीजवळ, वेदगंगेचं पाणी रस्त्यावर". माझ्या बघण्यात आपल्याकडं हा चौथा प्रकारच सगळ्यात जास्त फिरतो आणि त्याला पकडायला एआयचं ज्ञान अजिबात लागत नाही. तरीपण भांडण "एआय आहे, नाही" यावरच होतं, मग एकजण सिद्ध करतो की हे एआय नाही आणि सगळे समजतात की म्हणजे खरं आहे. तसं नसतं. एआय नसलेला व्हिडिओसुद्धा सरळ फसवू शकतो.

आता हे बनतं कसं ते थोडं बघू, कारण ते कळलं की कुठली खूण किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि त्याच्या सोबत्यांनी एक पद्धत मांडली, त्यात दोन प्रोग्रॅम एकमेकांसमोर उभे करतात, एक चित्र बनवतो आणि दुसरा ते नकली आहे का ओळखतो, पकडला गेला की पहिला सुधारतो, असं लाखो वेळा. यातच पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे, कारण पकडणारा जितका चांगला तितका बनवणारा पण चांगला होत जातो. २०१७ च्या सुमारास चेहरे बदललेले व्हिडिओ इंटरनेटवर फिरायला लागले आणि डीपफेक हा शब्द तिथूनच आला. २०२० मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीमधल्या संशोधकांनी वाव्ह-टू-लिप नावाचं मॉडेल आणलं, त्यात कुठलाही व्हिडिओ आणि कुठलाही आवाज द्यायचा, ते त्या आवाजाप्रमाणं ओठ हलवून देतं. म्हणजे फक्त तोंडाभोवतीचा तुकडा बदलतो, बाकी माणूस, स्टेज, मागचा बॅनर, हाताच्या हालचाली सगळं खरंच असतं. म्हणून "अरे मी त्या सभेला होतो, स्टेज तोच आहे" हा पुरावा पुरत नाही, स्टेज तोच असणारच.

आणि अलीकडचे जे नुसतं वाक्य टाइप केलं की व्हिडिओ देतात ते वेगळ्या पद्धतीनं चालतात. टीव्हीवर सिग्नल नसला की जशा मुंग्या दिसायच्या तशा गोंधळापासून सुरुवात करून मॉडेल एकेक पायरी तो साफ करत जातं, शेवटी चित्र उरतं. त्याला बिबट्या म्हणजे काय, भिंत म्हणजे काय हे आपल्यासारखं माहीत नसतं, लाखो व्हिडिओ बघून यानंतर साधारण काय दिसतं एवढं त्यानं शिकलेलं असतं. मे २०२५ मध्ये गूगलचं व्हिओ ३ आलं ते आवाजासकट ८ सेकंदांची क्लिप द्यायला लागलं आणि तेव्हापासून हा प्रकार कुणाच्याही हातात आला.

यात सगळ्यात सोपं काय बनवायला? सीसीटीव्ही. हे लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं सीसीटीव्ही म्हणजे पक्का पुरावा, पण कॅमेरा एका जागी, रात्रीचं काळंपांढरं, चेहरे नाहीत, ओठ नाहीत, क्वालिटी आधीच खराब आणि ती खराब असणार हे आपण धरूनच चालतो. म्हणजे ज्या ज्या ठिकाणी मॉडेल चुकतं ते सगळं अंधारात झाकलं जातं.

मग ओळखायच्या खुणांचं काय, डोळे मिचकावत नाही, बोटं सहा आहेत वगैरे? या खुणा खऱ्या होत्या, त्या त्या वेळेपुरत्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की डीपफेकमधला माणूस डोळे नीट मिचकावत नाही, कारण शिकायला दिलेल्या फोटोंमध्ये डोळे बहुतेक उघडेच असतात. ते छापून आलं आणि थोड्याच दिवसांत डोळे मिचकावणारे डीपफेक आले. मग म्हणाले चेहऱ्यावरचा रक्तप्रवाह बघा, खऱ्या माणसाच्या त्वचेचा रंग हृदयाच्या ठोक्याबरोबर किंचित बदलतो आणि कॅमेऱ्यात तो मोजता येतो, इंटेलनं २०२२ मध्ये त्यावर एक डिटेक्टरच जाहीर केला. २०२५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की चांगल्या डीपफेकमध्ये मूळ व्हिडिओतल्या माणसाचे ठोके सुद्धा उतरतात. म्हणून "डीपफेक ओळखायच्या दहा ट्रिक्स" असलं काही फिरत आलं तर ते कुठल्या वर्षीचं आहे ते आधी बघा.

याच्या उलट बाजूनं होणारी चूक मला जास्त काळजीची वाटते, म्हणजे खऱ्या व्हिडिओला फेक ठरवणं, आणि त्याचं मुख्य कारण आहे व्हॉट्सॲप. व्हिडिओची फाईल लहान ठेवायला काय करतात, तर मधूनमधून एक पूर्ण चित्र साठवतात आणि मधल्या चित्रांत फक्त काय हललं तेवढंच लिहून ठेवतात, तेही चित्राचे चौकोनी तुकडे पाडून. नवीन मेसेज म्हणून व्हॉट्सॲपवर टाकला की तो परत दाबला जातो, म्हणजे फाईल अजून लहान केली जाते. कुणीतरी स्क्रीन रेकॉर्ड करून पुढं पाठवलं की परत, तिथून इन्स्टाला गेला की परत. दर वेळी बारीक तपशील उडतो, न हलणारी भिंत गोठल्यासारखी होते आणि हलणारी वस्तू लिबलिबीत होते. बिबट्याचे पाय रस्त्यात विरघळतात, शेपटी दोन फ्रेमपुरती गायब होते, गाडीची केए २२ पाटी केए २ आणि पुढं काहीतरी किडकं अशी दिसते. आणि मग कुणीतरी नेमकं त्याच जागी लाल गोल काढून पाठवतो, "बघा, एआयची चूक". हीच गत पाट्यांची. एआयला कन्नड किंवा देवनागरी अक्षरं नीट काढता येत नाहीत, वेडीवाकडी येतात, ही खूण बऱ्याचदा उपयोगी पडते हे खरंय, पण लांबून झूम करून रात्री काढलेल्या व्हिडिओत फोन स्वतःच अक्षरं धारदार करायला जातो आणि त्यांचा पार चोथा करतो. आजचा फोन जे दिसतं तेच साठवतो असं नाही, तो मधे बरंच काही स्वतः रंगवतो. मार्च २०२३ मध्ये एकानं चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला आणि सॅमसंगच्या फोननं झूम करून त्याचा फोटो काढला, तर फोननं त्यात मूळ फोटोत नसलेले खड्डे-डाग भरून दिले, त्यावरून जगभर वाद झाला होता. मग तो फोटो खरा म्हणायचा की खोटा?

"मग टूलमध्ये टाकून बघू की" असं कुणीतरी म्हणतंच. टूल म्हणजे डिटेक्टर, तो सांगतो ८७ टक्के एआय. हा आकडा कशाचा आहे? त्या टूलला शिकवताना जे फेक दाखवले होते त्यांच्याशी ही क्लिप किती जुळते याचा. नवीन मॉडेल आलं, किंवा क्लिप चारदा दाबली गेली, की अंदाज ढासळतो, आणि एकच क्लिप दोन टूलमध्ये टाकली तर दोन उत्तरं येऊ शकतात. दुसरं एक साधं गणित आहे ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. समजा १००० क्लिप आहेत आणि त्यातल्या २० खरोखर एआयच्या. टूल शंभरातल्या ९५ वेळा बरोबर सांगतं असं धरू. त्या २० मधल्या १९ ते पकडेल, छान. पण उरलेल्या ९८० खऱ्या क्लिपांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९ क्लिपांना सुद्धा ते एआय म्हणेल. एकूण ६८ क्लिपांवर शिक्का बसला आणि त्यातल्या ४९ खऱ्या. इतकं चांगलं टूल असूनसुद्धा. (हे आकडे समजायला घेतलेत, कुठल्या एका टूलचे नाहीत.) म्हणून टूलच्या उत्तरावरून चौकशी सुरू करायला हरकत नाही, निकाल देऊ नका.

"फेक आहे" हे बोलणं किती महागात पडू शकतं त्याचं उदाहरण आफ्रिकेतल्या गॅबन देशाचं. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अली बोंगो २०१८ च्या ऑक्टोबरपासून आजारी होते, महिनोन्‌महिने दिसले नाहीत, लोक म्हणायला लागले गेले असतील. नवीन वर्षाच्या तोंडावर सरकारनं त्यांचं भाषण दाखवलं, चेहरा थोडा आखडलेला, एक हात हलत नाही, आणि विरोधक म्हणाले हे डीपफेक आहे. ७ जानेवारी २०१९ ला सैन्यातल्या काही जणांनी त्याच भाषणाचा उल्लेख करत उठाव केला, तो काही तासांत मोडला. नंतर जाणकारांनी तो व्हिडिओ तपासला, त्यात छेडछाड केल्याचा पुरावा मिळाला नाही. माणसाला पक्षाघात झाला होता, म्हणून तो तसा दिसत होता.

याचा फायदा उठवणारेही असतात. बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या अमेरिकेतल्या दोन कायदा अभ्यासकांनी फार आधी हा धोका सांगून ठेवलाय, की डीपफेक असतात हे सगळ्यांना माहीत झालं की खऱ्या व्हिडिओत पकडला गेलेला माणूसही आरामात म्हणू शकतो, तो मी नव्हेच. आणि बाहेरच्याला कळायचं कसं? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री बिटकॉइनच्या व्यवहाराच्या काही ऑडिओ क्लिप आल्या, सुप्रिया सुळे म्हणाल्या हा माझा आवाज नाही, त्यांचेच चुलतभाऊ अजित पवार म्हणाले आवाज ओळखीचा वाटतो. बूम या फॅक्टचेक संस्थेनं टूलमधून तपासून त्यातल्या क्लिप एआयच्या असण्याची शक्यता सांगितली. राजकारण बाजूला ठेवा, मला एवढंच दाखवायचंय की घरातल्या माणसाच्या कानानंही हा प्रश्न सुटत नाही.

कानाचा विषय निघाला म्हणून अजून एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेच्या निकालानंतर बेंगळुरूच्या विधानसौधात कुठल्या घोषणा दिल्या यावरून केवढा गोंधळ झाला, क्लिप एकच, एकाला त्यात पाकिस्तानचं नाव ऐकू आलं, दुसऱ्याला उमेदवाराचं. पोलिसांनी क्लिपा एफएसएलला, म्हणजे फॉरेन्सिक लॅबला पाठवल्या आणि मार्चमध्ये त्या रिपोर्टच्या आधारे तिघांना अटक केली. पण त्या आठवड्याभरात दोन्हीकडचे लोक ठामपणे सांगत होते की आम्हाला स्पष्ट ऐकू येतंय, आणि ज्याला जसं कॅप्शन वाचायला मिळालं त्याला तसंच ऐकू येत होतं. गर्दीचा आवाज फाटका असतो, मेंदू वाचलेल्या शब्दांनी तो भरून काढतो. म्हणून क्लिप आली की पहिल्यांदा कॅप्शन न वाचता ऐका, जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी काही न सांगता ऐकवा.

हे सगळं आपल्या भागात जास्त जपून करायला पाहिजे. इकडं मराठी-कन्नड म्हटलं की ठिणगी पडायला वेळ लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगडफेक झाली, आणि त्याच महिन्यात दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाल्यावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनीच सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावानं काढलेल्या फेक ट्विटर अकाउंटमुळं वातावरण आणखी बिघडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरला मारहाणीच्या प्रकरणावरून दोन्हीकडच्या बस थांबल्या. अशा वेळी बस फोडतानाची जुनी क्लिप "आत्ता चन्नम्मा सर्कलला" म्हणून फिरली तर कुणाचं तरी डोकं फुटू शकतं. आणि खरी क्लिप "एआय आहे" म्हणून दाबली गेली तर ज्याला मार बसला त्याच्यावर तो अन्याय. दोन्हीकडून जबाबदारी तेवढीच आहे.

मग करायचं काय? क्लिपच्या मागं मागं जायचं. रश्मिका मंदानाचा नोव्हेंबर २०२३ मधला लिफ्टचा डीपफेक आठवत असेल, त्यात सुरुवातीला क्षणभर चेहरा बदलताना दिसतो हे बारीक नजरेच्या लोकांनी पकडलं, पण वाद खरा मिटला तो मूळ व्हिडिओ सापडल्यावर, दुसऱ्याच एका मुलीनं महिनाभर आधी इन्स्टाग्रामवर टाकलेला. मूळ समोर ठेवलं की मग कुणाच्या नजरेवर विश्वास ठेवायची गरजच राहत नाही. क्लिपमधल्या दोन-चार जागांचे स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर शोधा, जुनी असली तर बहुतेक वेळा तिथंच सापडते. जागा बघा, पाट्या बघा. आपल्याकडं तर पाट्यांवरून तारखेचा अंदाज येतो, २०२४ मध्ये दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नडचा कायदा आल्यावर बाजारातल्या कितीतरी पाट्या बदलल्या, जुनी पाटी दिसत असेल तर "काल रात्रीची क्लिप" म्हणणाऱ्याला तेवढं विचारा. बसवर कुठल्या महामंडळाचं नाव आहे, गाड्या केए २३ आहेत की एमएच ०९, सावली कुठल्या बाजूला पडलीय. आणि व्हॉट्सॲपच्या फाईलच्या नावात जी तारीख असते ती तुमच्या फोनवर फाईल आल्याची असते, शूटिंगची नाही, यावरून मी चांगली शिकलेली माणसं भांडताना बघितलीत.

कोर्टसुद्धा हाच रस्ता धरतं. जालन्याची केस आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत भरला की नंतर, हा मुद्दा, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसमधलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं त्यात सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, पण कॉपी देणार असाल तर ती कुठल्या उपकरणातून, कशी काढली याचं सर्टिफिकेट पाहिजेच. १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष कायदा लागू झाला, त्याच्या कलम ६३ खाली त्या सर्टिफिकेटमध्ये फाईलची हॅश व्हॅल्यू पण लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलवर गणित करून निघणारा एक ठराविक लांबीचा आकडा, एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीत ६४ अक्षरांचा, फाईलमध्ये एक पिक्सेल जरी बदलला तरी तो अख्खा बदलतो. पण हॅशवरून एवढंच कळतं की त्या दिवसानंतर फाईलला हात लागला नाही, त्या आधी काय झालं ते नाही.

तपास करणाऱ्यांकडं अजून एक भारी पद्धत असते आणि तिच्यात आपल्या भागाचा संबंध आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ती नेमकी ५० कधीच नसते, क्षणाक्षणाला किंचित वर-खाली होते, आणि जवळ चालू असलेल्या फ्रीज-पंख्यामुळं तिची गुणगुण रेकॉर्डिंगच्या आवाजात बारीकशी उतरते. ग्रीडच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याच्या नोंदींशी ती जुळवली की रेकॉर्डिंग कुठल्या वेळी झालं ते शोधता येतं, आणि मधेच कापलं असेल तर तिथं लय तुटते. ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत दक्षिणेतल्या राज्यांचं ग्रीड देशाच्या ग्रीडपासून वेगळं चालायचं, म्हणजे बेळगावची गुणगुण वेगळी आणि कोल्हापूरची वेगळी. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली आणि सगळा देश एका लयीत आला. त्यामुळं आता या पद्धतीनं वेळ कळते, सीमेच्या अलीकडचं की पलीकडचं ते नाही कळत. पण हे सगळं व्हायला मूळ फाईल पाहिजे, चारदा दाबलेल्या क्लिपमध्ये ती गुणगुण शिल्लक असेलच असं नाही.

म्हणून ज्यांच्या दुकानात किंवा घराबाहेर कॅमेरा आहे त्यांना कळकळीनं सांगायचंय. काही घडलं की मॉनिटरसमोर मोबाईल धरून शूट करू नका, किंवा केलंत तरी तेवढ्यावर थांबू नका. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावरच नवीन लिहितो, डिस्क लहान असली तर पंधरा दिवसांतच जुनं गेलेलं असतं, ग्रुपवरचं भांडण पोलिसांपर्यंत जाईपर्यंत मूळ उरलेलंच नसतं. त्याच दिवशी पेन ड्राईव्हवर एक्सपोर्ट करून घ्या, घटनेच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा मिनिटं सुद्धा घ्या कारण कापाकापीचा आरोप तिथंच गळून पडतो. कुणाला पाठवायचं तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग फाईल दाबली जात नाही. आणि डीव्हीआरचं घड्याळ हमखास चुकलेलं असतं, कधी मिनिटांनी तर कधी अख्ख्या वर्षानं, आणि नंतर समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो, म्हणून एक्सपोर्ट करतानाच डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि शेजारी धरलेल्या मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत काढून ठेवा आणि फरक किती आहे तो कागदावर लिहून खाली सही करा.